दारिद्र्य घटले, विषमता मात्र मोजायची राहिली

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा प्रतिदिन २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. रेषा वर सरकली की तिच्याखालील माणसांची संख्या वाढते, हा साधा हिशेब. जगाच्या पातळीवर तसेच घडले आणि अतिदरिद्री लोकांच्या अंदाजात सुमारे साडेबारा कोटींची भर पडली. भारताचा आकडा मात्र आशादायक निघाला. या नव्या, उंचावलेल्या रेषेनुसारही देशातील अतिदारिद्र्याचे प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले. संख्येत सांगायचे तर ३४ कोटींहून अधिक असलेले अतिदरिद्री साडेसात कोटींच्या आसपास उरले.

त्यानंतर महिनाभरातच केंद्र सरकारने जागतिक बँकेच्याच आकडेवारीचा हवाला देऊन, भारत हा जगातील चौथ्या क्रमांकाचा समताधिष्ठित देश असल्याचे प्रसिद्धीपत्रक काढले. आधार होता २५.५ या जिनी गुणांकाचा. शून्य म्हणजे संपूर्ण समता आणि शंभर म्हणजे सारे काही एकाच्याच हाती, अशी या गुणांकाची मोजपट्टी असते.

दारिद्र्य घटल्याचा निष्कर्ष बहुतांश टिकणारा आहे. समतेच्या क्रमवारीचा निष्कर्ष टिकत नाही. एकाच पाहणीतून निघालेल्या दोन आकड्यांचे वजन इतके वेगळे का, हे समजण्यासाठी गरिबी कशी मोजली जाते याकडे वळावे लागते.

रेषेचा दीड शतकांचा प्रवास

भारतात गरिबी मोजण्याचा पहिला ठोस प्रयत्न दादाभाई नौरोजी यांचा. जगण्यासाठी किमान किती लागते हे ठरवताना त्यांनी तुरुंगातील कैद्यांचा आणि परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांचा शिधा आधाराला घेतला व १८६७-६८ च्या किमतींनुसार माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये असा अंदाज बांधला. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार माणशी महिना २० रुपये ही किमान पातळी सुचवली. आरोग्य आणि शिक्षण हा खर्च शासन करील, असे गृहीत धरून तो या रकमेबाहेर ठेवण्यात आला होता.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रोजच्या २,२५० उष्मांकांचा निकष लावून ग्रामीण भागासाठी महिना १५ आणि शहरांसाठी साडेबावीस रुपयांची रेषा आखली. १९७९ च्या अलघ कार्यदलाने ग्रामीण २,४०० व शहरी २,१०० उष्मांक हे प्रमाण रूढ केले. पुढे लकडावाला समितीने राज्यनिहाय किमतींचा विचार त्यात आणला. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने रेषा उष्मांकांच्या दावणीतून सोडवली आणि कुटुंबे शिक्षण व औषधोपचारावर स्वतः करीत असलेला खर्चही हिशेबात धरला. परिणामी २००४-०५ मधील दारिद्र्याचे प्रमाण २७.५ वरून ३७.२ टक्के झाले.

तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण ८१६ आणि शहरी १,००० रुपये मासिक खर्चाची रेषा ठरली, तिच्याखाली २१.९ टक्के, म्हणजे सुमारे २७ कोटी लोक होते. त्याआधी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात शहरी भागासाठी दिवसाला ३२ आणि ग्रामीण भागासाठी २६ रुपये हा आकडा समोर आला, तेव्हा देशभर संताप उसळला होता. मग सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये ९७२ व १,४०७ रुपयांची रेषा सुचवली. वर्ष तेच, पाहणी तीच. तरी गरिबांची संख्या ३६ कोटींवर गेली. नऊ कोटींहून अधिक माणसे गरीब की नाही, हे केवळ रेषेच्या जागेवर अवलंबून होते.

रंगराजन अहवाल अधिकृतपणे स्वीकारला गेला नाही. नियोजन आयोगाची जागा घेणाऱ्या निती आयोगाच्या कृती गटालाही नव्या रेषेवर एकमत साधता आले नाही. त्यामुळे देशाची स्वतःची अशी दारिद्र्यरेषा २०११-१२ मध्येच थांबली असून, आजची चर्चा जागतिक बँकेच्या रेषेवर चालते. ही तीन डॉलरची रेषा क्रयशक्तीच्या समतेने काढलेली आहे. बाजारातील विनिमय दराने ती अडीचशे रुपये भासते. प्रत्यक्षात दिवसाला साठ रुपयांच्या आसपास येते. मध्यम उत्पन्नाच्या खालच्या गटातील देशांसाठी बँकेने ठरवलेली ४.२० डॉलरची रेषा लावली, तर भारतातील दारिद्र्य ५.३ नव्हे, २३.९ टक्के भरते. जवळपास चौथा हिस्सा लोकसंख्या दोन रेषांच्या खाली किंवा त्यांच्या दरम्यान आहे. एक मोठे आजारपण किंवा एक बुडालेला हंगाम त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना पुन्हा तळाशी नेऊ शकतो.

प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर ठरते

हे सारे आकडे उपभोग खर्चाच्या पाहणीतून येतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही विकसनशील जगातील आद्य आणि नावाजलेली व्यवस्था. पण गेल्या तीस दिवसांत तेलावर किती खर्च झाला आणि गेल्या सात दिवसांत किती झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. काळ लांबला की विस्मरण वाढते व खर्च कमी नोंदला जातो. १९९९-२००० च्या फेरीत हे दोन्ही कालावधी एकत्र वापरल्याने तेव्हाची आकडेवारी आधीच्या वर्षांशी ताडून पाहणेच अवघड झाले आणि अर्थतज्ज्ञांमध्ये दीर्घ वाद रंगला.

२०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणावरून सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. त्यामुळे अकरा वर्षे देश खर्चाच्या अधिकृत आकड्यांविना चालला. २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या पाहण्यांनी ही पोकळी भरली. प्रत्येकी २ लाख ६१ हजारांहून अधिक कुटुंबांना त्यात प्रश्न विचारले गेले. पद्धतीत मात्र बदल होता. पूर्वी एकाच बैठकीत संपणारी प्रश्नावली तीन भागांत विभागून एकेका घरी तीन वेळा भेट दिली गेली. थकलेल्या माणसाकडून घाईघाईत उत्तरे घेण्यापेक्षा हे उत्तम. नोंदही अधिक पूर्ण होते. परंतु त्यामुळे २०११-१२ नंतरच्या वाढीतला काही वाटा प्रत्यक्ष खर्चाचा आणि काही वाटा सुधारलेल्या मोजणीचा आहे. त्यांची नेमकी फोड करणे सोपे नाही. दारिद्र्य मोठ्या प्रमाणावर घटले, याविषयी फारसे दुमत नाही. किती घटले याच्या दशांश चिन्हापर्यंतच्या खात्रीविषयी आहे.

खर्च आणि उत्पन्न यांतील अंतर

विकसनशील देशांत गरिबी खर्चावरून मोजण्यामागे सबळ कारण आहे. शेतकऱ्याचे उत्पन्न सुगीला येते, मजुराचे काम मिळेल त्या दिवशी आणि फेरीवाल्याचे रोज वेगळे. त्यांच्या उत्पन्नाचा वर्षाचा हिशेब लागणे कठीण. चूल मात्र रोज पेटते. म्हणून घरात काय शिजले, मुलांच्या शाळेवर आणि औषधांवर काय खर्च झाला, यावरून राहणीमानाचा अंदाज अधिक भरवशाने येतो. दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतील बहुतेक देश याच मार्गाने जातात.

विषमता मोजताना हीच पद्धत तोकडी पडते. समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न २० हजार रुपये असून १९ हजार खर्च होतात. दुसऱ्याचे उत्पन्न पाच लाख असून खर्च दीड लाख आहे. उत्पन्नात पंचवीस पटींचे अंतर. खर्चात जेमतेम आठ पटींचे. मधली तफावत बचतीत, भूखंडांत, समभागांत आणि सोन्यात जाते व पाहणीच्या नजरेआड होते. शिवाय अतिश्रीमंत घरे संख्येने थोडी असल्याने नमुन्यात क्वचितच येतात आणि आली तरी प्रश्नकर्त्याला दार उघडेलच असे नाही.

२०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील तळाच्या पाच टक्के लोकांचा सरासरी मासिक खर्च माणशी १,६७७ रुपये, तर शहरी भागातील वरच्या पाच टक्क्यांचा २०,३१० रुपये आढळला. याच पाहणीनुसार जिनी गुणांक शंभराच्या मोजपट्टीवर ग्रामीण भागात २३.७ आणि शहरांत २८.४ इतका, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा कमी आहे. खर्चातील विषमता घटल्याची ही नोंद खरी मानली, तरी ती उत्पन्नातील विषमता नव्हे.

चौथ्या क्रमांकाचा दावा येथेच अडखळतो. त्या यादीत भारताच्या वर असलेल्या स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियाचे गुणांक उत्पन्नावरून काढलेले आहेत. पन्नाशीच्या वर गुणांक असणारा ब्राझीलही उत्पन्नच मोजतो. एकाचे धान्य शेरात आणि दुसऱ्याचे किलोत मोजून कोणाची रास मोठी हे ठरवण्यासारखा तो प्रकार झाला. जागतिक बँकेनेही भारतावरील आपल्या टिपणात, आकडेवारीच्या मर्यादांमुळे विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसत असण्याची शक्यता नमूद केली आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांचे हे आकडेही वादातीत नाहीत. प्राप्तिकर भरणाऱ्यांचे प्रमाण अल्प असलेल्या देशात करविवरणे, राष्ट्रीय लेखे आणि पाहण्या यांची सांगड घालताना बरीच गृहीतके धरावी लागतात. तरीही दोन्ही चित्रांतील दरी इतकी रुंद आहे की, ती केवळ गृहीतकांच्या माथी मारता येणार नाही.

दारिद्र्याचे इतर पैलू

पैशांपलीकडची वंचितता टिपण्यासाठी निती आयोग बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वापरतो. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील बारा निकष त्यात आहेत. त्यानुसार २०१३-१४ ते २०२२-२३ या काळात २४.८२ कोटी लोक दारिद्र्यातून बाहेर आले आणि प्रमाण २९.१७ वरून ११.२८ टक्क्यांवर उतरले. शौचालय, वीज, स्वयंपाकाचे इंधन यांचा प्रसार त्यातून स्पष्ट दिसतो. मात्र या दोन्ही टोकांच्या वर्षांचे आकडे त्या वर्षीच्या पाहणीतून आलेले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या फेऱ्यांमधील घसरणीचा वेग धरून ते काढले आहेत. तसेच बँकखात्यासारखा निकष एकदा पूर्ण झाला की त्या खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे निर्देशांक विचारत नाही.

राष्ट्रीय सरासरीखाली प्रदेशांतील अंतरही झाकले जाते. २०२३-२४ मध्ये सिक्कीमच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ९,३७७ रुपये होता, तर छत्तीसगडच्या ग्रामीण भागात २,७३९ रुपये.

आकड्यांवर शिधा अवलंबून

हा वाद केवळ संख्याशास्त्राचा असता, तर तो तज्ज्ञांवर सोपवता आला असता. परंतु राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली ग्रामीण भागातील ७५ व शहरी भागातील ५० टक्के लोकांना धान्य मिळते आणि ही मर्यादा आजही २०११ च्या जनगणनेवरून काढलेल्या सुमारे ८१ कोटी ३५ लाखांवर बांधलेली आहे. आयुष्मान भारत योजनेतील कुटुंबांची मूळ निवडही २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात पाहणीवरून झाली. त्यानंतर जन्मलेली मुले, वेगळी झालेली कुटुंबे, कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेले मजूर यांना कोट्यात जागा मिळायची, तर कोणाचे तरी नाव कमी व्हावे लागते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. गरिबी घटली म्हणून लाभार्थी कमी करा, असा युक्तिवाद ५.३ टक्क्यांच्या आधारे होऊ शकतो. तो करणाऱ्यांनी २३.९ टक्के हा आकडाही समोर ठेवायला हवा.

या पार्श्वभूमीवर सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ मध्ये देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी हाती घेण्याचे जाहीर केले, हे महत्त्वाचे पाऊल आहे. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत असे प्रयत्न झाले होते. तेव्हा लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च व बचतीच्या बेरजेपेक्षाही कमी भरले आणि प्रयोग थांबला. उत्पन्न सांगण्याबाबतचा संकोच आजही तसाच आहे. तो दूर करायचा तर माहिती गुप्त राहील आणि करवसुलीसाठी वापरली जाणार नाही, ही हमी घरोघर पटवून द्यावी लागेल.

पाहणीबरोबर आणखी तीन गोष्टी आवश्यक ठरतात. आजच्या गरजांवर आधारलेली राष्ट्रीय दारिद्र्यरेषा जाहीर करणे, निष्कर्ष गैरसोयीचे असले तरी ठरल्या वेळी प्रसिद्ध करणे आणि खर्च व उत्पन्न यांवरील गुणांक वेगवेगळे सांगणे. दारिद्र्य घटवण्यात देशाने मिळवलेले यश खरे आहे आणि ते सिद्ध करण्यासाठी समतेच्या क्रमवारीची गरज नाही. उत्पन्नातील दरी किती आहे, याचे उत्तर मात्र अधिकृत मोजणी होईपर्यंत कोणत्याच बाजूला ठामपणे देता येणार नाही.