वेशभूषा स्पर्धा पुरे, कपड्यांची पेटी हवी

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या गावातल्या दुकानांत लहान मुलांचे भाड्याचे पोशाख टांगले जातात. झाशीची राणी, टिळक, सैनिक, शेतकरी. त्यांच्यातच एक संच असतो तो शेरवानी, गोंड्याची लाल टोपी आणि चिकटवायच्या दाढीचा. दुकानदार त्याला सरळ ‘मुस्लिम ड्रेस’ म्हणतो. ‘विविधतेत एकता’ दाखवायला बालवाडीला चार धर्मांची चार मुलं लागतात, आणि वर्गात मुसलमान मूल असेल तर हा संच बहुतेक वेळा त्याच्याच अंगावर चढतो. जे मूल मुळातच मुसलमान आहे, त्याला मुसलमान दिसण्यासाठी कपडे भाड्याने आणावे लागतात!

यात कुणाचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाचे अब्बू शर्ट-पँट घालून कामावर जातात, दादी साडी नेसते, शेरवानी त्याने फार तर मामूच्या लग्नात पाहिलेली असते. आपलं घर म्हणजे मुसलमान नव्हे, हा दाढीवाला पोशाख म्हणजे मुसलमान, असं ते मूल शिकतं. शेजारी बसलेली बाकीची मुलंही तेच शिकतात. पुढे आयुष्यभर आपण ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही हो’ हे वाक्य ऐकतो. त्याची सुरुवात कुठे होते, हे शोधायला फार लांब जायला नको.

दुसऱ्या बाजूलाही हेच होतं. बुरख्यातली आई आणि तिच्या कडेवर कृष्ण झालेलं मूल, असा फोटो गोकुळाष्टमीच्या सुमारास समाजमाध्यमांवर फिरत असतो. काही लोक त्याला देशाच्या एकतेचं चित्र म्हणतात, काही त्या आईला दूषणं देतात. दोघांनाही त्या मुलाशी काही देणंघेणं नसतं. मोठ्यांच्या वादाचं ओझं चार वर्षांच्या खांद्यावर, आणि वर मोरपीस!

मी काही वर्षांपासून आमच्या मोहल्ल्यातल्या बालवाडीत मदतीला जाते. तिथे सगळ्या समाजांची मुलं आहेत. अनुभवाने माझं मत पक्कं झालं आहे की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वेशभूषा स्पर्धेची गरज नाही, त्यांना गरज आहे ती कपड्यांच्या पेटीची. स्पर्धेत मूल काय होणार हे मोठी माणसं ठरवतात, पाठ केलेली चार वाक्यं ते मंचावर म्हणतं आणि बक्षीस आईच्या मेहनतीला मिळतं. पेटीसमोर मात्र मूल स्वतः ठरवतं. पाच मिनिटांत विचार बदलतं. बघायला कुणी नसलं तरी खेळतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की यांनी 1933 साली खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे. त्या एकमेकींशी ‘बहिणी-बहिणी’ खेळतात. एरवी बहीण असण्याचा विचारही त्या करत नाहीत, पण खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं याचे नियम पाळू लागतात. विगॉट्स्कींचं म्हणणं असं की खेळताना मूल स्वतःपेक्षा वीतभर उंच होतं. भातुकली पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. एरवी एका जागी न बसणारी मुलगी ‘डॉक्टर’ झाली की दहा मिनिटं पेशंटचं ऐकून घेते.

आपल्यातले काही पालक मला विचारतात, ‘बाजी, असं सोंग घेणं बरोबर आहे का?’ त्यांना मी हजरत आयशा यांच्या बाहुल्यांची हदीस सांगते. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं पैगंबरांनी (स.) विचारलं. सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाही का, असा उलट प्रश्न आला आणि पैगंबर मोकळेपणाने हसले. त्यांनी घोडा काढून घेतला नाही की पंखही उपटले नाहीत. मुलाची कल्पना एवढ्या मायेने ऐकून घेणारा वारसा आपल्याकडे असताना भीती कसली?

आता पेटीत काय असावं ते सांगते. तयार ‘कॅरेक्टर ड्रेस’ नकोत. राजकन्येचा झगा राजकन्याच होऊ देतो, पण दीड-दोन मीटरचा साधा कापडाचा तुकडा साडी होतो, फेटा होतो, नदी होतो, बाळाची झोळीही होतो. म्हणून ओढण्या, उपरणी, लुंगीचे तुकडे, जुनी सहावारी कापून केलेली छोटी पातळं जास्त हवीत. मोठ्यांचे जुने शर्ट बाह्या कापून घेतले की डॉक्टरचा कोट, दुकानदाराचा सदरा, काहीही होतं. त्यांच्या जोडीला पोस्टमन, कंडक्टर, पोलीस, नर्स अशा कामांच्या टोप्या, खांद्याला लावायच्या पिशव्या आणि स्वयंपाकाचे एप्रन.

काही नियमही पाळावे लागतात. गळ्याशी बांधायच्या नाड्या आणि दोऱ्या काढून टाकायच्या, कारण त्या घसरगुंडीवर किंवा दाराच्या कडीत अडकल्या तर गळफास बसू शकतो. ओढण्या घेऊन खेळताना मोठं कुणीतरी जवळ असावं. सुटे मणी, टिकल्या, पिना नकोत. बटणांऐवजी वेल्क्रो लावलं की मूल आपलं आपण घालू-काढू शकतं. लांबी घोट्याच्या वर ठेवायची, नाहीतर पायात येतं. आठवड्याला सगळं धुऊन कडक उन्हात वाळवायचं. टोप्याही धुवायच्या, उवांचा प्रश्न असतोच. कपडे मुलाच्या हाताला येतील अशा खुंट्यांवर, आणि जवळ एक न फुटणारा आरसा.

खर्चाचं कारण कुणी सांगू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला काम उभं केलं ते महागड्या साधनांवर नव्हे, आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंवर.

या पेटीत जाळीची टोपी असावी का? काळी ओढणी असावी का? असावी, नक्की असावी. पण ‘मुस्लिम ड्रेस’ म्हणून वेगळी गाठोडी बांधून नाही, तर गांधीटोपी, फेटा आणि कंडक्टरची टोपी यांच्याच शेजारच्या खुंटीवर. आमच्या बालवाडीत एका हिंदू मुलाने ती जाळीची टोपी घातली, वर्तमानपत्र उलटं धरलं आणि जाहीर केलं, ‘मी शेजारचे चाचा. चहा आणा.’ त्याच्यासाठी ती टोपी म्हणजे धर्म नव्हता, रोज सकाळी ओट्यावर दिसणारा एक माणूस होता. आमची एक मुलगी पोलिसाची टोपी घालून रोज वाहतूक थांबवते. तिच्या घरून निरोप आला की मुलीला हे कशाला? मी म्हटलं, खेळातसुद्धा जी खुर्ची आपण मुलीला देत नाही, ती पुढे तिला कोण देणार?

महाराष्ट्रातले मुसलमान किती कामांतून ओळखले गेले आहेत! कापूस पिंजणारे पिंजारी, बांगड्यांचे मणियार, पानाचे तांबोळी, फळभाजीचे बागवान, मालेगाव-भिवंडीच्या मागांवरचे मोमीन, मिरजेचे सतार घडवणारे कारागीर. बांगड्यांची टोपली (बांगड्या प्लास्टिकच्या), लाकडी तराजू, कापसाची उशी पेटीजवळ ठेवली की ही सगळी माणसं खेळात येतात. शेरवानी-दाढीपेक्षा आपली ही ओळख कितीतरी खरी आहे.

शाळेला नुसतं ‘हे चुकतंय’ सांगून भागत नाही. दुसरं काय करायचं तेही हातात द्यावं लागतं. ईदच्या आधी घर आवरताना दोन ओढण्या, एक जुना शर्ट, एक टोपी बाजूला काढा. धुऊन, नाड्या काढून जवळच्या अंगणवाडीतल्या ताईंना विचारून द्या. शेजारच्या घरातूनही एखादं उपरणं मागून घ्या. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ‘तुमच्या मुलाला मुस्लिम करायचंय’ असा निरोप आला, तर शांतपणे सांगा, ‘ते तर तो आहेच. यंदा त्याला काय व्हायचंय, ते त्यालाच विचारा.’