भाडं घेता, मग नाकारता कसं?

मागच्या महिन्यात पुण्याहून नांदेडला निघालो होतो. गाडीतली रिकामी सीट वाटून देणाऱ्या एका ॲपवर विनंती पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'सीट भरली.' त्याच गाडीला माझ्या सवर्ण आडनावाच्या मित्राने विनंती केली, ती लगेच मंजूर! हा जातिभेदच होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. मुद्दा नेमका तोच आहे. घरच्या गाडीवाल्याला नकाराचं कारण द्यावं लागत नाही.

म्हणून 'परमिट राज संपवा, कुणालाही भाडं मारू द्या' असे मेसेज फिरवणाऱ्या आपल्याच मित्रांशी मला भांडायचं आहे.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 66. भाडं घेऊन प्रवासी न्यायचे तर परमिट लागतं. ऑफिसच्या चौघांनी पेट्रोल-टोलचा खर्च वाटून घेणं वेगळं आणि त्या सीटवर कमाई करणं वेगळं. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाडीला ॲपवरून शहरात दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन फेऱ्यांची वाट दाखवली, राज्याची मनाई नसेल तर. महाराष्ट्र सरकारने 19 जानेवारी 2023 ला मनाई केली.

तुमचा राग मला कळतो. वडाप चालवणारी पोरं आपल्याच वस्तीतली आहेत. जिथे एसटी जात नाही, तिथे बाळंतीण वडापनेच दवाखान्यात पोचते. ती 'अवैध वाहतूक' आणि आयटीवाल्याची गाडी 'पर्यावरणपूरक'! 2021 च्या एसटी संपात सरकारने मालवाहू गाड्यांनाही माणसं न्यायची मुभा दिली होती. सरकारचं अडलं की नियम वाकतो, आपलं अडलं की पावती फाटते.

तरीही परमिट मोडणं हा उपाय नाही. बाबासाहेब लहान असताना मसूर स्टेशनवर बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडं घेतलं, वर गाडी पोरांनीच हाकायची अशी अट घातली. 1929 साली चाळीसगावात बाबासाहेब बॅरिस्टर होते, तरी एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी नवख्या माणसाने हाकला, अपघात झाला, पाय मोडला. खिशात पैसे होते, नव्हता तो बसण्याचा हक्क.

आज परमिटवाल्या रिक्षा-टॅक्सीने प्रवासी नाकारला तर कलम 178 खाली दंड आहे. अस्पृश्यता पाळून सार्वजनिक वाहन नाकारणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पांढऱ्या पाटीवाला मात्र 'माझी घरची गाडी' म्हणून मोकळा. त्यात खासगी विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. अपघात झाला की कंपनी हात वर करते आणि मागच्या सीटवरचा मजूर कोर्टाच्या खेपा घालतो.

तेव्हा मागणी नीट करा. वडापला परवडणारं परमिट आणि विमा द्या. ॲपवर बुकिंग पक्कं होईपर्यंत आडनाव आणि फोटो दिसता कामा नये. नकाराचं कारण नोंदलं गेलं पाहिजे. आणि गावोगाव एसटी वाढवा, कारण तिच्या दारात आडनाव विचारत नाहीत.

मित्रांनो, परमिट म्हणजे नुसता सरकारी कागद नाही. ज्याने पैसे घेतले त्याने सगळ्यांना बसवायचं, ही त्यातली अट आपल्या कामाची आहे. ती सोडू नका.

जय भीम!