रंगपेटी नाही? मग झाडाकडे चला!

शिक्षक मित्रांनो, पालकहो, रंगपेटी नाही म्हणून चित्रकलेच्या तासाला एकही मूल नुसतं बसून राहू नये, असं मला ठामपणे वाटतं. रंग आपल्या आसपासच आहेत.

हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा, त्यात लोखंडी खिळे टाकून दोन-तीन दिवस ठेवा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळी शाई तयार होते. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाका. त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की लाल! थोडा बाभळीचा डिंक घातला की रंग कागदाला धरून राहतो.

"पण हे रंग टिकत नाहीत," असं काहीजण म्हणतात. खरंय, हळद उन्हात उडते. मग एक चित्र उन्हात, दुसरं कपाटात ठेवून मुलांनाच फरक शोधू द्या की! चित्रकलेच्या तासात विज्ञानही शिकून होईल.

काळजी एवढीच घ्या : उकळण्याचं काम मोठ्यांनी करावं, रुई, कण्हेर, धोतरा यांना हात लावू देऊ नये.

पुढच्या तासाला निदान एक शाई वर्गात करून बघाच.