तारीख कोणासाठी छापता?

सेलू, देवळी, समुद्रपूर, आर्वी, तालुका कोणताही घ्या. तिथल्या एखाद्या खेड्यातल्या किराणा दुकानासमोर उभे राहा. दारावर दोरीला पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. त्यातले एक पाकीट तोडून घ्या आणि त्यावरची तारीख शोधा. पुढच्या बाजूला ती नसते. मागे जोडाच्या शिवणीवर, चकचकीत चांदीरंगावर, ठिपक्याठिपक्यांच्या काळ्या शाईत एक ओळ सापडते. बॅच नंबर, किंमत, पॅकिंग, एक्स्पायरी असे सारे त्या ओळीत कोंबलेले, अर्धे दुमडीत गेलेले आणि इंग्रजीत. निंदणाच्या मजुरीतून लेकरासाठी ते पाकीट घेणारी बाई कधी तरी दुकानदाराला विचारते, “काय लिहिलं हाय जी याच्यावर?” दुकानदार म्हणतो, “चांगलं हाय, घे.”

हाच वर्धा जिल्ह्यातला अन्नसुरक्षेचा कारभार आहे आणि आम्ही त्याचा धिक्कार करतो!

पाकिटावरची तारीख म्हणजे खाणाऱ्याला दिलेला शब्द असतो. अमुक दिवसापर्यंत हे खा, तुला अपाय होणार नाही, असे बनवणारा स्वतःच्या सहीने सांगत असतो. पण ज्याला शब्द द्यायचा त्याला कळूच नये अशा भाषेत आणि अशा जागी तो दिला, तर तो कोणाला दिला? निरीक्षकाला. उद्या कोर्टात प्रकरण गेलेच तर वकिलाला. आजच्या तारखा या दोघांसाठी छापल्या जातात. आर्वीची आजी, हिंगणघाटचा जिनिंगमधला मजूर, पुलगावची शाळकरी पोर, यांच्यासाठी त्या छापल्याच जात नाहीत.

हे कायद्यानेच होऊ दिले आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याखालचे लेबलिंगचे नवे विनियम 2020 चे. त्यांत भाषेबद्दलची तरतूद अशी, की मजकूर इंग्रजीत असावा किंवा देवनागरीतल्या हिंदीत; शिवाय आणखी कोणती भाषा वापरायची तर मनाई नाही. मनाई नाही! कोट्यवधी मराठी माणसे रोज जे खातात त्याची मुदत त्यांच्या भाषेत सांगणे बंधनकारक नाही, फक्त परवानगी आहे. याच महाराष्ट्राने 2022 मध्ये कायदा बदलून प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत असलीच पाहिजे असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या सप्टेंबरात दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. दुकानावरची पाटी मराठीत आली, त्याचा आम्हांला आनंद आहे. पण पाटी कोणी खात नाही. आत जे विकायला ठेवले आहे त्यावर ‘या तारखेनंतर खाऊ नये’ एवढी चार शब्दांची ओळ मराठीत छापायला कोणत्या कंपनीचे दिवाळे निघणार आहे? लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या चिठ्ठीपर्यंत सारे मराठीत छापता येते, आणि दुधाच्या पिशवीवर येत नाही?

हा केंद्राचा विषय आहे, असे उत्तर मुंबईहून येईल. मान्य. मग केंद्राकडे मागा. विधिमंडळात ठराव करून मागा. आणि जे तुमच्या हातात आहे ते आजच करा. अंगणवाडीतून घरी जाणारी पोषण आहाराची पाकिटे कोण विकत घेते? राज्य सरकार. शाळेतल्या पोरांच्या खिचडीच्या तांदूळडाळीची, तेलाची जबाबदारी कोणाची? सरकारचीच. त्या निविदेत एक अट घाला: तारीख मराठीत, पुढच्या बाजूला, सहावीतल्या मुलाला हातभर अंतरावरून वाचता येईल एवढी मोठी. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

आता दुसरा घोळ. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्स्पायरी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि शिकलेल्या घरांतही ते एकच समजले जातात. पहिल्याचा अर्थ, या तारखेपर्यंत चव, वास, खुसखुशीतपणा उत्तम राहील. त्यानंतर पदार्थ मऊ पडेल, फिका होईल, पण विषारी होईलच असे नाही. दुसऱ्याचा अर्थ, यानंतर खाऊच नका, विकूही नका. 2020 च्या विनियमांनी एक्स्पायरीची तारीख सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक केले, हे चांगलेच झाले. पण हा फरक लोकांना समजावून सांगितला कोणी? कोणीच नाही. म्हणून एका बाजूला शहरातली घरे तारीख उलटली म्हणून धड डाळ, धड मीठ कचऱ्यात टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले 60 टक्के घराघरांतून. दुसऱ्या बाजूला खेड्यात फुगलेली दह्याची पिशवी निम्म्या किमतीत घेतली जाते आणि लेकराच्या ताटात जाते. एकच अज्ञान, ते श्रीमंताकडून अन्न फेकवते आणि गरिबाला नासके खायला घालते.

पण वर्ध्याच्या माणसाने सर्वांत जास्त संतापावे अशी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे ऊन.

वैशाखात इथला पारा 45 अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या दुकानात दुपारी काय होत असेल ते ज्याने तिथे पाच मिनिटे काढली त्यालाच ठाऊक. त्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. कोणती थंड जागा? तारखेचा सारा हिशेब त्या एका वाक्यावर उभा आहे आणि ते वाक्य विदर्भात वर्षातले तीन महिने खोटे ठरते. तेलातुपाचा पदार्थ हवेतल्या प्राणवायूमुळे खवट होतो. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा क्रियेचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो, हे रसायनशास्त्राचे जुने निरीक्षण आहे. म्हणजे 25 अंशांवर सहा महिने टिकणारे फरसाण 45 अंशांवर दीड-दोन महिन्यांतच संपते. कागदावर मात्र त्याचे चार महिने अजून शिल्लक असतात! पिशवीतल्या दुधाची गोष्ट याहून वाईट. त्यावरची दोन दिवसांची मुदत ही डेअरीपासून घरापर्यंत थंडावा कुठेही तुटला नाही, या गृहीतावर दिलेली असते. टेम्पो भर उन्हात फाट्यावर तासभर थांबला, रात्री वीज गेली, दुकानदाराने बिल वाचवायला फ्रीज बंद ठेवला, की ती तारीख मेली. पिशवीवर ती जिवंतच दिसते. ज्या देशात एकाच दिवशी महाबळेश्वर आणि वर्धा यांच्या तापमानात इतके अंतर असते, तिथे दोन्हीकडे एकच तारीख लावणे हे शास्त्र नव्हे. उन्हाळी प्रदेशासाठी 40 अंशांवर साठवून तपासलेली मुदत छापा, नाहीतर मार्च ते जून इथे तो माल थंड वाहनातूनच आणा, ही मागणी विदर्भाच्या प्रत्येक आमदाराने कंठशोष करून मांडायला हवी होती. आम्हांला ती एकाच्याही तोंडून ऐकू आलेली नाही.

आणि मुदत संपलेल्या मालाचे पुढे काय होते? नियमाप्रमाणे तो कंपनीकडे परत जावा आणि नष्ट व्हावा. प्रत्यक्षात ‘एक्स्पायरी माल’ परत घेताना डिस्ट्रिब्युटर कुरकुरतो, पैसे कापतो, पुढच्या महिन्यावर ढकलतो. महिनाअखेरीला टार्गेट गाठायचे असते, म्हणून सेल्समन स्कीमच्या नावाखाली जवळच्या तारखेचा माल खेड्यातल्या दुकानदाराच्या गळ्यात मारून जातो. शहरात तारीख बघणारे गिऱ्हाईक आहे. म्हणून म्हातारा माल न बघणाऱ्याकडे, म्हणजे खेड्याकडे चालत येतो. त्याहून निर्ढावलेले लोक थिनरचा बोळा फिरवून जुनी तारीख पुसतात आणि नवी मारतात. हा मुदतबाह्य माल पुन्हा नव्या वेष्टनात बाजारात येऊ नये म्हणून केंद्रीय अन्न प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये उत्पादकांना दर तिमाहीला त्याचा हिशेब भरायला सांगितले. ऑनलाइन विक्रेत्यांना त्याच्या महिनाभर आधीच बजावले, की ग्राहकाच्या हाती माल पडताना मुदतीचा 30 टक्के भाग किंवा 45 दिवस तरी शिल्लक असलेच पाहिजेत. उत्तम! मग हाच न्याय दोरीवरच्या पाकिटाला का नाही? मोबाइलवरून बिस्किटे मागवणाऱ्याच्या पोटाला 45 दिवसांची हमी आणि समुद्रपूरच्या शेतमजुराच्या पोटाला एका दिवसाचीही नाही?

कायद्याचे 27 वे कलम मुदत उलटलेल्या मालाबद्दल घाऊक व्यापारी, वितरक आणि विक्रेता या साऱ्यांना जबाबदार धरते. धाड मात्र बहुधा टोकाच्या टपरीवर पडते. ज्याच्याकडे वीस रुपयांची दोन पाकिटे सापडली त्याचा पंचनामा करून वरचे गोदाम सोडून देणे याला आम्ही अंमलबजावणी म्हणत नाही.

हे वर्ध्यातून लिहिताना मगनवाडीची आठवण टाळता येत नाही. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ याच गावात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीच्या बागेत गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ यांचे प्रयोग मांडले. आज त्या प्रयोगांकडे धार्मिक भावनेने पाहिले जाते. खरे तर तो टिकाऊपणाबद्दलचाच वाद होता. हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यात तेल असते, म्हणून तो लवकर खवट होतो, किडीला आवडतो. गिरणीने तो कोंडा घासून काढला की तांदूळ पांढरा होतो, दूरवर जातो, गोदामात पडून राहतो; आणि कोंड्याबरोबर त्यातले जीवनसत्त्वही जाते. टिकण्याची मुदत वाढली, खाणाऱ्याचे बळ घटले. ज्वारीचे पीठ आपल्या आया आठ-दहा दिवसांपुरतेच का दळून आणत? कारण कस असलेले अन्न थांबत नाही, हे त्यांना नाकाने आणि जिभेने माहीत होते. सरगुंडे, खारोड्या, सांडगे उन्हात कडकडीत वाळवून वर्षभर टिकवायचे आणि दूध त्याच दिवशी संपवायचे, ही त्यांची तारीखच होती. पाकिटाने ते नाकाचे ज्ञान निकामी केले, कारण वास आत कोंडला. तेव्हा त्या ज्ञानाच्या जागी जी छापील तारीख आली ती तितकीच खरी असली पाहिजे. ती खरी नसेल तर आपण आजीचे नाकही गमावले आणि बदल्यात काहीच मिळवले नाही.

आणि वाचकहो, थोडे आपल्यालाही. घरोघरी भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर आहे. चतुर्थी कधी, अमावस्या किती वाजता लागते, हे आपण घड्याळ लावून बघतो. लग्नाचा मुहूर्त चुकला तर जीव खालीवर होतो. आणि आजारी मुलाला द्यायच्या बिस्किटावरची तारीख बघायला आपल्याला वेळ नाही! तारीख बघितली तर दुकानदाराला वाईट वाटेल, हा कसला भिडस्तपणा? 1 ऑक्टोबर 2020 पासून मिठाईच्या सुट्ट्या ट्रेवरही ‘केव्हापर्यंत खावी’ ही तारीख लावण्याचा आदेश निघाला. गेल्या दिवाळीत किती जणांनी ती पाटी मागितली? कायद्याच्या 40 व्या कलमाने साध्या ग्राहकालाही पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार दिला आहे. दोष सापडला तर फीही परत मिळते. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करायला पैसे लागत नाहीत. जो समाज मागत नाही त्याच्या गळ्यात जुनाच माल पडतो.

बचत गटाच्या बायकांची अडचण मात्र खरी आहे. पापड, मसाले, चटण्या करून त्या चार पैसे मिळवतात. पाकिटावर किती महिने लिहायचे, हे त्यांना कोणी तपासून देत नाही; शेजारच्या पाकिटावरचे बघून त्या आकडा टाकतात. प्रयोगशाळेचा खर्च त्यांना परवडणारा नाही. ज्या मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे तिथेच, जिल्ह्यातल्या प्रत्येक गटाच्या पदार्थाची टिकण्याची मुदत, वैशाखाच्या उन्हाच्या हिशेबाने, फुकट ठरवून मिळाली पाहिजे. त्या जागेचा यापेक्षा योग्य उपयोग आम्हांला दिसत नाही.

येत्या 2 ऑक्टोबरला सेवाग्रामला मंत्री येतील, बापूकुटीसमोर नतमस्तक होतील. आमची त्यांना एकच विनंती आहे. परतताना वाटेतल्या पहिल्या टपरीवर गाडी थांबवा. दोरीवरचे एक पाकीट घ्या. चष्मा लावा आणि तिथे जमलेल्या बायाबापड्यांना, त्यांच्या भाषेत, त्यावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवा.