सावडायचं राहिलेलं

लखनौच्या सिकंदरबाग चौकात सकाळी दहाला उभं राहिलं की ई-रिक्षावाल्यांच्या आरोळ्यांपुढे दुसरं काही ऐकू येत नाही. चौकात सत्तावनच्या उठावात इथं लढलेल्या उदादेवीचा पुतळा आहे. मागे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची गर्द झाडी. त्या झाडीच्या कडेला नवाब वाजिद अली शहाच्या सिकंदरबागेचा एक दरवाजा आणि थोडी भिंत उरली आहे, लखौरी विटांची. ही वीट आपल्या विटेसारखी जाड नसते. भाकरीची चवड लावावी तशा पातळ विटा चुन्यात एकावर एक बसवलेल्या. बोट फिरवलं की चुना पिठासारखा निघतो. इथं काय आहे, असं मी एका रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "फूलों की नुमाइश लगती है, साहब. जाड़े में आइए."

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेनं या भिंतींच्या आत सुमारे दोन हजार शिपाई मारले. पुढच्या वर्षी फेलिचे बेआतो कॅमेरा घेऊन तिथं आला. त्याच्या छायाचित्रात गोळ्यांनी चाळण झालेली इमारत आहे, काही माणसं आहेत, एक घोडा आहे आणि पुढच्या अंगणात कवट्या नि हाडं पसरली आहेत. चित्रासाठी ती मुद्दाम तशी मांडली असावीत, असं अभ्यासक म्हणतात. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात. या दोन हजारांच्या सावडायला कुणी आलं नाही.

स्टीव्ह मॅक्वीनचा 'ऑक्युपाइड सिटी' हा २०२३ सालचा माहितीपट पाहिल्यापासून हा चौक माझ्या डोक्यातून जात नाही. चार तासांहून मोठा आहे तो. मे १९४० ते मे १९४५ ॲम्स्टरडॅम नाझींच्या टाचेखाली होतं. त्या काळात कुठल्या पत्त्यावर काय घडलं, ते एका बाईचा आवाज शांतपणे सांगत राहतो. मॅक्वीनची पत्नी बियांका स्टिग्टर हिच्या ग्रंथावर तो आधारलेला आहे. जुन्या काळचं चित्रण त्यात अजिबात नाही. दिसतं ते आजचं शहर: करोनात ओस पडलेले रस्ते, लस घेणारे म्हातारे, गोठलेल्या कालव्यावर घसरणारी मुलं. अमुक घरातून कुणाला नेलं हे सांगून झालं की पुष्कळदा शेवटी एकच शब्द येतो: पाडलं. पहिला तासभर तो नुसता कानावर पडतो. नंतर नंतर त्याची धास्ती वाटायला लागते.

तोच आवाज कानात घेऊन मी लखनौत आठ दिवस हिंडलो. कारण लखनौचाही असाच ताबा घेतला गेला होता. मार्च १८५८ मध्ये शहर पडलं, कैसरबाग हा राजवाडा लुटला गेला, आणि त्याच महिन्यात रॉबर्ट नेपियर या इंजिनिअर अधिकाऱ्यानं एक टिपण लिहिलं. त्याचा विषयच होता, लखनौ शहराचा लष्करी ताबा. गल्लीबोळांनी फौज अडवली होती, तेव्हा गल्लीबोळच नकोत. वस्ती चिरत सरळ रुंद रस्ते काढायचे, मोक्याच्या जागी ठाणी बसवायची, त्यांच्या भोवती मोकळं मैदान ठेवायचं. इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी या टिपणाचा आणि त्यानंतरच्या वीस वर्षांचा बारकाईनं माग काढला आहे. त्यांच्या हिशेबानं शहराचा सुमारे दोन-पंचमांश भाग जमीनदोस्त झाला. आसफी इमामबाड्यात, जिथं मोहरमचा शोक व्हायचा, तिथं फौज राहिली. मच्छी भवन हा किल्ला आज नाही. त्या जागी किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटी आहे, आणि तिच्या फाटकाशी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक सतरंज्या टाकून बसलेले असतात. आपण कशावर बसलो आहोत हे त्यांनी का म्हणून जाणावं? त्यांचं दुःख आजचं आहे. पण शहरानं जाणायला हवं.

इंग्रजांची रेसिडेन्सी मात्र पडकी असूनही राखली गेली. तिच्यावरचं इंग्रजी निशाण ऑगस्ट १९४७ पर्यंत रात्रंदिवस फडकत होतं. आवारातल्या थडग्यांवर हेन्री लॉरेन्सपासून कितीतरी नावं वाचता येतात. मेलेल्या माणसाला नाव मिळावं, यात वाईट काहीच नाही. सिकंदरबागेत ते मिळालं नाही, एवढंच मला डाचतं.

आपल्या मराठी मनात सत्तावन म्हणजे झाशी, कानपूर, बिठूर, फार तर ग्वाल्हेर. लखनौ म्हटलं की चिकन, कबाब आणि 'पहले आप'. महिनोन्‌महिने शहर लढवणारी आणि १८७९ मध्ये काठमांडूत परक्या मातीत मेलेली बेगम हजरत महल आपल्या शाळकरी आठवणीत जवळजवळ नाहीच. लखनौनं मात्र आपलं दार ठोठावलं होतं. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा सत्तावनवरचा 'माझा प्रवास' हिंदीत नेला तो लखनौच्या चौक भागात राहणाऱ्या अमृतलाल नागरांनी. हेच नागर सत्तावनच्या शताब्दीच्या सुमारास अवधच्या गावोगावी गेले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत, कुणाच्या पणजोबाला कुठल्या झाडाला टांगलं, कुठली गढी कधी जाळली. त्यातून झालेल्या पुस्तकाचं नाव 'गदर के फूल'. चितेतून वेचलेल्या अस्थींना हिंदीत फूल म्हणतात.

शेवटच्या दिवशी कैसरबागेत गेलो. वाजिद अली शहाचा परीखाना, नाचगाणं शिकवण्याची जागा, इथलाच. हजरत महल आधी तिथंच होती. १९२६ मध्ये विष्णु नारायण भातखंड्यांनी लखनौत संगीताचं महाविद्यालय काढलं, त्यांचे शिष्य रातंजनकर यांनी ते कितीतरी वर्षं सांभाळलं. आज ते भातखंडे विद्यापीठ म्हणून परीखान्यात नांदतं आहे. एका खोलीत कुणी मुलगी यमनचे आलाप घोटत होती. तीव्र मध्यम पुन्हा पुन्हा जरा खाली राहत होता. ती थांबायची, तंबोरा जुळवायची, पुन्हा सुरू करायची. मी जिन्यात अर्धा तास उभा होतो.

आपल्या पुण्यातही शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं ते १७ नोव्हेंबर १८१७ ला. त्या संध्याकाळी कसब्यात कुणाच्या घरी चूल पेटली, कुणाच्या नाही, हे शोधायला आपल्यातलं कोण निघालं? हा प्रश्न घेऊन परतलो आणि आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरला: पत्ते. प्रत्येक लेखकाला आपल्या गावातली एकच जागा निवडायला सांगितली. अट एवढीच घातली की जुना फोटो पाठवायचा नाही, आज तिथं जे उभं आहे त्याचाच पाठवायचा. एका लेखिकेनं पाठवलेल्या फोटोत फक्त दुचाकींचा वाहनतळ आणि पावतीपुस्तक घेऊन स्टुलावर बसलेला मुलगा आहे. तो आम्ही पानभर छापला आहे.