सातव्या पावलाचे साक्षीदार

शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने परदेशात जुळलेली मैत्री आता महाराष्ट्रातील मंगल कार्यालयांपर्यंत येऊन पोहोचली असून, पुण्यात, कोल्हापुरात किंवा रत्नागिरीत होणाऱ्या लग्नासाठी वधूवरांचे सहाध्यायी आणि सहकारी जर्मनीहून, जपानहून किंवा अमेरिकेहून येतात, याचे आज कोणाला फारसे नवल वाटत नाही. त्यांना फेटा बांधला जातो, नऊवारी नेसवली जाते, पंगतीत जिलेबीचा आग्रह होतो. या अगत्यात खोट काढावी असे काहीच नाही. तथापि ज्या विधीने विवाह पूर्णत्वास जातो, तो विधी चालू असताना हा पाहुणा बहुधा भोजनगृहात असतो, आणि मित्राचे लग्न पाहण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या बाबतीत ही उणीव यजमानांनी मनावर घ्यावी इतकी मोठी आहे.

या प्रवासाची आखणी मुळात पंचांगाच्या हाती असते. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या काळाला चातुर्मास म्हणतात. या काळात लग्ने टाळण्याचा प्रघात असून तुळशीचे लग्न लागल्यानंतरच लग्नसराई सुरू होते. त्यानंतर येणारा पौषही अनेक कुटुंबे वर्ज्य मानतात, त्यामुळे परदेशी मित्रांना मिळणाऱ्या नाताळच्या सुट्ट्या आणि मुहूर्त यांचा मेळ अनेकदा बसत नाही. 2014 पासून अनेक देशांच्या नागरिकांना ऑनलाइन पर्यटक व्हिसा मिळू लागल्याने आप्तमित्रांना भेटण्यासाठी येणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. परंतु रजा आणि विमानाचे तिकीट यांची तजवीज महिनोन्महिने आधी करावी लागते, म्हणून मुहूर्त ठरताच तिथीसोबत तारीख कळवणे हे अशा पाहुण्याच्या आदरातिथ्याचे पहिले अंग ठरते.

येणाऱ्या पाहुण्याला ‘पारंपरिक भारतीय विवाह’ नावाची एकच ठरीव वस्तू पाहायला मिळेल, असा समज मात्र त्याला करून देऊ नये. गृह्यसूत्रे, म्हणजे घरात करावयाच्या संस्कारांचे नियम सांगणारे प्राचीन संस्कृत ग्रंथ, याबाबत फार मोकळे आहेत. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहविधी सांगण्यापूर्वीच स्पष्ट करते की देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार भिन्न असून विवाहात ते पाळले पाहिजेत. आपस्तंब गृह्यसूत्र तर विवाहातील आचार स्त्रियांकडून जाणून घ्यावेत असे सांगते. म्हणून नवागताने वऱ्हाडातील एखाद्या आजीला प्रश्न विचारावेत, हा सल्ला ग्रंथाला धरूनच आहे. ग्रहमख, म्हणजे लग्नाआधीची ग्रहशांती, कोणत्या दिवशी करावा, देवक, म्हणजे कुळाचे पूज्य चिन्ह, म्हणून कोणत्या झाडाच्या डहाळ्या आणाव्यात, वधूच्या भावाने वराचा कान पिळल्यावर त्याला काय मानपान द्यावा, या गोष्टी घराघरांत बदलतात आणि त्यांची खरी जाणकारी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडेच असते.

महाराष्ट्रीय विवाहात पाहुण्यांचा प्रत्यक्ष सहभाग अक्षतांपासून सुरू होतो. कुंकवाने किंवा हळदीने रंगवलेले, न तुटलेले तांदळाचे दाणे म्हणजे अक्षता. त्या मंडपातील प्रत्येकाच्या हाती दिल्या जातात आणि वधूवरांमध्ये धरलेल्या, स्वस्तिक काढलेल्या अंतरपाट नावाच्या वस्त्राच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आप्तेष्ट मंगलाष्टके म्हणत असताना प्रत्येक अष्टकाच्या अखेरीस त्या वधूवरांवर टाकल्या जातात. येथे आशीर्वाद देण्याचा अधिकार केवळ पुरोहिताकडे राहत नाही. लहान मूल, कार्यालयातील आचारी आणि कालच विमानातून उतरलेला मित्र, सर्वांना तो सारखाच मिळतो. अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात, वाद्ये वाजतात आणि बहुतेक पाहुण्यांच्या लेखी लग्न लागते.

वस्तुतः विवाहाचा गाभा याच्यानंतर येतो. कन्यादान, मंगळसूत्रबंधन आणि विवाहहोम झाल्यावर लाजाहोम होतो, ज्यात वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो आणि त्या अग्नीला अर्पण केल्या जातात. अश्मारोहणात वधू दगडावर पाऊल ठेवते, तिचा निश्चय दगडासारखा अढळ राहावा हा त्यामागील हेतू. आणि त्यानंतर तांदळाच्या सात लहान राशींवरून सप्तपदी चालली जाते. अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती आणि ऋतू यांच्यासाठी सहा पावले टाकल्यावर आश्वलायनाच्या क्रमात सातवे पाऊल येते ते सख्यासाठी, अर्थात मैत्रीसाठी.

कायद्यानेही हेच पाऊल निर्णायक मानले आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार, ज्यांच्या रूढीत सप्तपदीचा समावेश आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल टाकले जाताच पूर्ण आणि बंधनकारक होतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आवश्यक विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सांगताना विवाह हा गाण्याबजावण्याचा आणि खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, याचीही आठवण करून दिली. असे असूनही सप्तपदीच्या वेळी होमाजवळ पुरोहित, जवळची चार माणसे आणि छायाचित्रकार एवढेच उरतात, कारण बाकीचे वऱ्हाड मसालेभात आणि मठ्ठ्याकडे वळलेले असते.

परदेशी मित्राला होमाजवळ बसवायचे तर त्याच्या प्रश्नांना सामोरे जाण्याची तयारीही हवी. कन्येचे दान कसे करता येते, असे त्याने विचारले तर तो आगाऊपणा समजू नये, कारण विवाहविधींची चिकित्सा महाराष्ट्रातच फार पूर्वी सुरू झाली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहितावाचून, वधूवरांनी परस्परांना वचने द्यावीत अशा पद्धतीचा विवाह घडवून आणला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची रीत रुजवली आणि स्त्रियांनाही पौरोहित्याचे शिक्षण दिले. प्रामाणिक प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळालेला मित्र या परंपरेकडे अधिक आदराने पाहील, कारण ती विचार करणाऱ्या माणसांनी जपली आणि बदलली आहे हे त्याला कळेल.

परदेशी पर्यटकांना तिकीट घेऊन अनोळखी कुटुंबाच्या लग्नात सहभागी होण्याची सोयही अलीकडे निर्माण झाली आहे. अशा पर्यटकाला रंग, वाद्ये आणि जेवण पाहून समाधान मिळेल. मित्राचे नाते मात्र त्या दोन माणसांशी असते, आणि त्यांनी एकमेकांना दिलेला शब्द ऐकणे हा त्याच्या येण्याचा खरा हेतू असतो. त्यासाठी यजमानांना खर्च वाढवावा लागत नाही. पत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेखाली सप्तपदीची अंदाजे वेळ छापावी, सात पावलांचा अर्थ पाहुण्याच्या भाषेत एका कागदावर लिहून द्यावा, होमाजवळ काही खुर्च्या राखून ठेवाव्यात आणि पहिली पंगत थोडी उशिरा बसवावी. सातवे पाऊल ज्या मैत्रीच्या नावाने टाकले जाते, तिचा मान म्हणून जवळच्या मित्रांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, त्या पावलाचे साक्षीदार होण्याचा हक्क दिला पाहिजे.