रांगेचे अर्थकारण

करमणुकीची उद्याने हा आपल्या चळवळीचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु टंचाई कशी निर्माण होते आणि मग तिचीच विक्री कशी होते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

उद्यानात किती माणसे सुखाने मावतील, हे केवळ जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. तासाला किती माणसे खेळात बसून बाहेर पडतात, हा खरा हिशेब. वीस आसनांची नाव दर अर्ध्या मिनिटाला सुटली, तर तासाला २४०० माणसे फिरून येतात. पाच आसनांची गाडी त्याच अंतराने सुटली, तर अवघी ६००. उरलेली रांगेत तिष्ठतात.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून ‘पीपलमूव्हर’ ही संथ गाडी होती. ती चालूच राहत असे. प्रवासी फिरत्या फलाटावरून चढत-उतरत. १९९५ मध्ये ती बंद झाली. १९९८ मध्ये त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ या वेगवान गाड्या आल्या. एका गाडीत पाच माणसे! रांगा लांबल्या, बिघाड नित्याचे झाले आणि २००० मध्ये तो खेळही संपला. तो उंच मार्ग आजही रिकामाच उभा आहे. फ्लोरिडातील ‘मॅजिक किंग्डम’मध्ये एका फेरीत शेकडो माणसे नेणारी आगबोट जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. तिच्या जागी नवे खेळ उभे राहीपर्यंत ही माणसे इतर रांगांतच जाणार.

याला दुसरी बाजू आहे. १९९९ मध्ये सुरू झालेली, रांग टाळण्याची सोय मोफत होती. फ्लोरिडात २०२१ मध्ये तिची जागा विकतच्या पासाने घेतली. रांग जितकी लांब, तितके पासाला मोल अधिक. जुने खेळ याच हेतूने मोडले, असा आरोप मी करीत नाही. यंत्रे झिजतात, अभिरुचीही बदलते. परंतु ज्याला रांगेतून उत्पन्न मिळते, त्याला ती आखूड करण्याची निकड कशी वाटावी?

म्हणून ‘आधुनिकीकरण’ हा शब्द कानी पडताच, मग ते उद्यान असो वा बससेवा, कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : तासाला किती माणसांची सोय होणार? आणि ज्याच्या खिशात पैसा नाही, तो कोठे उभा राहणार?